पाण्यावाचून सोने

सोने ‘धुऊन’ काढतात, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या ऐकण्यात असते. नदीकाठी बसलेला माणूस, हातात पसरट परात, परातीत वाळू आणि पाणी, आणि परात हिंदळता हिंदळता तळाशी उरणारे चार पिवळे कण, हे चित्र गोष्टींच्या पुस्तकांनी व चित्रपटांनी आपल्या मनावर पक्के ठसविले आहे. परंतु सोने काही पाणी पाहून जमिनीत बसत नाही. जगातील कित्येक सुवर्णभूमी अशा आहेत की तेथे नदी नाही, ओढा नाही, आणि प्यायच्या पाण्यालाही पैसे मोजावे लागले आहेत. अशा ठिकाणी माणसाने मातीतून सोने वेगळे कसे काढले, हा आजचा विषय आहे.

मराठवाड्यातील माणसाला पाण्याच्या दुर्भिक्ष्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १९७२ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही आपण विसरलेलो नाही. १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण पैठणच्या उशाशी आहे. तरीही ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे कोणाला अनोळखी वाटत नाही. तेव्हा पाणी नसेल तर काम कसे भागवावे, हा प्रश्न आपल्या अगदी घरचा आहे. आणि गंमत अशी की, त्याचे उत्तरही आपल्या घरातच आहे. ते आपल्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेले आहे. ते म्हणजे सूप.

खळ्यावर आणि घरात धान्य स्वच्छ करण्याची जी कामे आपल्याकडे चालत आली, त्यांना मराठीत पाच वेगवेगळे शब्द आहेत: उपणणे, चाळणे, पाखडणे, घोळणे आणि निवडणे. वाऱ्याच्या तोंडाशी तिवईवर उभे राहून पाटीतून मळणीचा माल सोडला की भूस दूर उडते आणि दाणे पायाशी पडतात, हे उपणणे. चाळणीतून बारीक आणि जाड वेगळे होते, हे चाळणे. सुपातून माल वर उडवून झेलला की फोल पुढून उडून जाते, हे पाखडणे. सूप एका विशिष्ट झोकाने हलविले की खडे एका बाजूस व दाणे एका बाजूस होतात, हे घोळणे. आणि एवढे करून जे राहील ते बोटांनी वेचावयाचे, हे निवडणे. कोरड्या मातीतून सोने काढण्याची जगातली झाडून सारी तऱ्हा ह्या पाच क्रियापदांत येते. फरक एवढाच की, शेतकरी हलके भूस टाकून जड धान्य ठेवतो, आणि सोने शोधणारा माणूस हलकी माती टाकून जड सोने ठेवतो.

हे ज्या गुणाच्या जोरावर घडते तो गुण म्हणजे सोन्याचा जडपणा. पाण्याचे वजन एक धरले तर तेवढ्याच आकारमानाच्या गारेचे वजन सुमारे २.६५ भरते, आपल्या काळ्या पत्थराचे म्हणजे बेसाल्टचे तीनच्या आसपास, लोहचुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या रेतीचे ५.२, चांदीचे १०.५, शिशाचे ११.३, आणि शुद्ध सोन्याचे १९.३. म्हणजे गारेचा आणि सोन्याचा सारख्या आकाराचा कण घेतला तर सोन्याचा कण सातपटींहून अधिक जड असतो. भूस आणि ज्वारी यांत असतो त्याच जातीचा हा फरक आहे. खाली पडताना वाऱ्याने एकाला लोटावे आणि दुसऱ्याला लोटू नये, एवढे अंतर ह्या दोहोंत खास आहे.

मग पाणी हवेच कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर थोड्या हिशेबाने मिळते. वस्तू पाण्यात बुडाली की तिचे वजन, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी होते. गारेचे २.६५ पाण्यात १.६५ होते, सोन्याचे १९.३ पाण्यात १८.३ होते. पाण्याने दोघांचाही एकेक भाग घेतला. परंतु गरिबाचा एक रुपया आणि श्रीमंताचा एक रुपया यांत जे अंतर असते ते येथे दिसून येते. हवेत सोने गारेच्या ७.३ पट जड होते, ते पाण्यात ११ पट झाले. पाणी सोने आणि माती यांतील दरी रुंद करते, आणि हवा ती रुंद करीत नाही. याचा व्यवहारात अर्थ असा: भरड कणांच्या बाबतीत ढोबळ मानाने सोन्याचा एक कण हवेतून ज्या वेगाने खाली येतो, त्याच वेगाने त्याच्या सातपट रुंदीचा गारेचा खडा खाली येतो. म्हणजे वाऱ्याला त्या दोहोंतला भेद कळत नाही. बारीक भुकटीच्या बाबतीत तर हे प्रमाण सातावरून पावणेतीनावर येते.

म्हणून कोरड्या कामात चाळणीला सुपाहून अधिक महत्त्व आहे. आधी चाळणीने माती सारख्या मापाची करून घ्यावयाची, मोठे खडे बाजूला काढावयाचे, आणि मग एकेका मापाचा माल निराळा उपणावयाचा. मिसळीचा माल वाऱ्यावर सोडला तर मोठा खडा सोन्याबरोबर पायाशी पडेल आणि बारीक सोने भुसाबरोबर उडून जाईल. आपल्या घरातली वृद्ध बाई तांदूळ आधी चाळते आणि मग पाखडते, त्यात हेच शास्त्र आहे. तिने त्याला नाव दिलेले नसते एवढेच.

दुसरी अट कोरडेपणाची. माती नुसती वरून कोरडी दिसून चालत नाही. ती आतपर्यंत खडखडीत वाळलेली असली पाहिजे. थोडाही ओलसरपणा राहिला तर मातीचे गोळे होतात, बारीक सोने त्या गोळ्यांना चिकटून बसते आणि त्यांच्याबरोबर बाहेर फेकले जाते. आपल्याकडील काळ्या चिकण जमिनीत ही रीत का चालावयाची नाही हे यावरून समजेल. ती माती ओली असता मेणासारखी आणि वाळली असता दगडासारखी. तिची ढेकळे कुटून पीठ करावे तेव्हा कोठे उपणता येईल. कोरडी रीत चालते ती वाळवंटी, भुसभुशीत, रेताड जमिनीत. तिसरी अडचण सोन्याच्या आकाराची. ठोकल्यावर पसरणे हा सोन्याचा धर्म असल्याने त्याचे कण पुष्कळदा चपटे होतात, आणि चपटा कण पिंपळपानासारखा वाऱ्यावर तरंगतो. जाड, गोल कण हाती लागतो. पापुद्रा आणि धूळ हातची जाते. कोरड्या रीतीत नुकसान पाण्याच्या रीतीपेक्षा जास्त, हे धरूनच चालावे लागते.

ह्या रीतीचे सर्वांत मोठे प्रदर्शन झाले ते पश्चिम ऑस्ट्रेलियात. तेथे १८९२ साली आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड ह्या दोघांना कूलगार्डी येथे सोने सापडले, आणि १८९३ साली पॅडी हॅनन व त्याचे दोन सोबती यांना काल्गुर्ली येथे. हजारो माणसे त्या रखरखीत प्रदेशात जाऊन पडली. सोने होते, पाणी नव्हते. खाऱ्या तळ्यांचे पाणी लाकडे जाळून उकळावे, वाफ थंड करून गोडे करावे आणि ते मापाने विकावे, असा एक धंदाच तेथे उभा राहिला. घाणीने आणि दूषित पाण्याने विषमज्वराची साथ पसरली व पुष्कळ तरुण त्यात दगावले. माल वाहण्यासाठी उंट आणले गेले, आणि त्या उंटांबरोबर अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध व पंजाब ह्या भागांतले उंटवाले गेले. त्यांच्यावाचून त्या वस्त्यांना दाणागोटा पोचला नसता.

अशा ठिकाणी धुणे कसले होणार? तेथील माणसांनी दोन परातींची युक्ती काढली. एक परात जमिनीवर ठेवावयाची, दुसरीत माती घेऊन ती हात उंच करून वाऱ्यात हळूहळू ओतावयाची. धूळ उडून जाई, जड माल खालच्या परातीत पडे. मग परातींची अदलाबदल करून पुन्हा तेच. वारा पडला तर काम थांबे. आपल्या खळ्यावरही तेच होते. शेवटी परातीत मूठभर काळी रेती राही, तिच्यावर फुंकर घालीत घालीत पिवळे कण मोकळे करावयाचे. दिवसभर उडालेली धूळ नाकातोंडांत आणि डोळ्यांत जाई, ती निराळीच. १९०३ च्या जानेवारीत पर्थजवळच्या डोंगरातील धरणाचे पाणी साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास लांबीच्या नळाने, आठ पंप-ठाण्यांच्या जोरावर, ह्या सुवर्णभूमीत पोचले. ही योजना आखणारा अभियंता सी. वाय. ओकॉनर मात्र ते पाहण्यास हयात नव्हता. टीकेच्या भडिमाराने खचून त्याने आदल्या वर्षी आपले जीवन संपविले होते.

वाऱ्याची वाट पाहणे परवडेना तेव्हा लोकांनी वारा पेटीत घातला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मेक्सिकोत आणि ऑस्ट्रेलियात जी कोरडी पेटी वापरात आली तिची रचना सोपी आहे. वर एक जाळी, तिच्यावर माती टाकावयाची. जाळीतून गळलेला बारीक माल एका उतरत्या फळीवर येतो. ही फळी लाकडाची नसून जाडसर कापडाची असते, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. कापडाखाली सोनाराच्या किंवा लोहाराच्या भात्यासारखा भाता. भाता हलविला की दर खेपेस कापडातून वाऱ्याची उसळी वर येते. त्या उसळीने हलकी माती उचलली जाऊन पट्टी ओलांडते आणि पुढे सरकते. सोने आणि काळी रेती तेवढ्या उसळीने उचलली जात नाही, ती पट्टीमागे बसते. ही उसळी सतत नसावी, थांबून थांबून यावी, हे तिचे मर्म. सतत झोत दिला तर सारेच उडेल. मध्ये विसावा मिळाला म्हणजे जड कणाला खाली बसण्यास सवड मिळते. सुपाला झोका देऊन क्षणभर थांबणाऱ्या हाताला हे ठाऊक असते. पट्ट्यांमागचा माल काढून तो पुन्हा वाळवावयाचा, त्यातून लोहचुंबक फिरवून काळी रेती वेचून काढावयाची, आणि उरलेले बोटांनी निवडावयाचे.

ह्या कामाला मोठ्या बुद्धीचा हात लागला नाही असे नाही. थॉमस एडिसन ह्याने १९०० च्या सुमारास अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात, डोलोरेस नावाच्या ठिकाणी, पाण्यावाचून सोने वेगळे करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला होता. तो चालला नाही. थोड्याच काळात गुंडाळावा लागला. विजेचा दिवा घरोघर नेणाऱ्या माणसालाही कोरड्या मातीने दाद दिली नाही, यावरून हे काम वाटते तितके हलके नाही हे लक्षात यावे.

कोरड्या भूमीतील सोन्याची आणखी एक कथा आहे, आणि तिचा धागा आपल्या देशाशी जुळतो. महाभारताच्या सभापर्वात, युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला उत्तरेकडील लोकांनी आणलेल्या नजराण्यांत ‘पिपीलिक’ नावाच्या सोन्याचा उल्लेख आहे. पिपीलिका म्हणजे मुंगी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही लिहिले आहे की, भारताच्या वाळवंटात कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या बिळे उकरताना सोन्याची रेती वर टाकतात, आणि लोक उन्हाच्या वेळी उंटांवरून जाऊन ती पळवून आणतात. पुष्कळांनी ह्या कथेला हसून सोडून दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशेल पेसेल ह्या प्रवाशाने असे मत मांडले की, ह्या ‘मुंग्या’ म्हणजे काश्मीरच्या पलीकडील देवसाई पठारावरचे मार्मोट नावाचे बिळे करणारे प्राणी असावेत. त्यांच्या बिळांबाहेरील मातीतून तेथील लोक पूर्वी सोन्याची कणी गोळा करीत. हे मत सर्वांस पटले आहे असे नाही. परंतु मुंगीची बाजूही अगदीच पोकळ नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान-संशोधन संस्थेने २०१२ साली दाखवून दिले की, जमिनीखाली सोन्याचा थर असेल तर वरच्या मुंग्यांच्या आणि वाळवीच्या वारुळांतील मातीत सोन्याचे अतिसूक्ष्म अंश सापडतात. वारुळातून संपत्ती मिळत नाही. पण खाली काय आहे याचा सुगावा लागतो, आणि खणण्याचा खर्च वाचतो.

आता साहजिकच असा प्रश्न येईल की, आमच्या पैठणच्या मातीत सोने आहे काय? त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि पैठणपर्यंतचा तिचा सगळा प्रवास काळ्या पत्थरावरून होतो. हा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून झाला. सोन्याच्या शिरा असतात त्या याहून कितीतरी जुन्या खडकांत. असे जुने खडक कर्नाटकात कोलार आणि हट्टी येथे आहेत. आपल्या विदर्भात नागपूर व भंडारा जिल्ह्यांतही त्यांत सोन्याचे अंश आढळले आहेत. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. हट्टीची चालू आहे. हट्टी ज्या रायचूर जिल्ह्यात आहे, तो जिल्हा आणि आपला पैठण तालुका १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. ह्या हट्टीच्या प्रदेशातच मस्की येथे १९१५ साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख सापडला. अशोक हे नाव ज्यात स्पष्ट कोरलेले आहे असा हा लेख. शोधावयास गेला सोने आणि हाती लागले इतिहासाचे पान; सोन्याहून ते अधिक मोलाचे ठरले.

पैठणच्या खडकात सोने नसले, तरी पैठणच्या धुळीत सोने पडत आले आहे. ते बाहेरून आले आणि माणसाच्या हातून सांडले. जेथे सराफकट्टा आहे तेथे कानशीने घासताना, तार ओढताना, डाग देताना सोन्याचा चुरा उडतो. तो कपड्यांत, चटईत, केरात आणि दारातल्या गटारातही जातो. हा केर विकत घेऊन त्यातून सोने-चांदी काढणारा जो माणूस, त्याला आपल्या भाषेत झारेकरी म्हणतात. त्याचे काम अर्धे कोरडे आणि अर्धे ओले. केर प्रथम जाळून राख करावयाची, म्हणजे कागद, केस, लाकडाचा भुसा, मेण हे सर्व जाऊन आकारमान उतरते. राख कुटावयाची, चाळावयाची, लोहचुंबकाने कानशीचे लोखंड काढावयाचे. येथपर्यंत पाण्याचा थेंब लागत नाही. मग परातीत धुणे, आणि शेवटी मुशीत सवागी घालून आटविणे. सोनाराच्या चुऱ्याविषयीची ही दक्षता फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी सुवर्णशाळेत येताना व जाताना कारागिरांची झडती घ्यावी आणि त्यांची हत्यारे व अपुरे काम तेथेच राहू द्यावे, असा दंडक आहे. तसेच हिणकस सोने शिसे घालून तावून शुद्ध करण्याची रीतही तेथे सांगितली आहे. त्या रीतीत शिसे हिणकस धातूला आपल्याबरोबर घेऊन जाते आणि मागे शुद्ध धातू राहतो. तेथेही पाणी नाही, नुसता अग्नी.

केरातील बारीक सोने धरण्यासाठी पारा वापरण्याची चालही आहे. पारा सोन्याला आपल्यात ओढून घेतो, आणि तो गोळा तापविला की पारा उडून सोने राहते. परंतु उडालेला पारा कोठे जातो, हे विचारले पाहिजे. तो काम करणाऱ्याच्या छातीत जातो, शेजारच्या घरात जातो, आणि शेवटी पाण्यात व माशांत उतरतो. हातांना कंप सुटणे, स्मृती जाणे, मूत्रपिंडे बिघडणे हे त्याचे परिणाम. म्हणूनच २०१३ साली पाऱ्याविरुद्ध मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ पासून अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. गल्लीतल्या शेगडीवर पाऱ्याचा गोळा तापविला जात असेल, तर तो एकट्या सोनाराचा प्रश्न राहत नाही. तो सर्व गल्लीचा प्रश्न होतो.

सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या ह्या धंद्याला गलाई म्हणतात, आणि त्यात मराठी माणसाने केवढे नाव काढले आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, विटा, आटपाडी हा भाग पावसाने कायमचा वंचित. शेतीवर पोट भरेना म्हणून तेथील माणसे मूस आणि भाता घेऊन बाहेर पडली, आणि आज केरळपासून पंजाबपर्यंत जेथे जेथे सराफ बाजार आहे तेथे तेथे बहुधा गलाईचे मराठी दुकान सापडते. पाणी नसलेल्या मुलखातून सोने पिकविण्याचा हा आणखी एक प्रकार म्हणावा लागेल. त्यांची रीत अशी की, सोन्याच्या एका भागाला चांदीचे तीन भाग मिळवून आटवावयाचे व मग नत्राम्लात टाकावयाचे. चांदी आम्लात विरघळते, सोने तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसते. आणि त्या द्रवात तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत मिळते. ह्या कामी जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुसांना अत्यंत घातक असतो. अंगावरचा दागिना उजळ होतो तेव्हा कोणाची तरी छाती काळवंडते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आणि आता पैठणच्या अगदी जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची तार, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, तो तापवून एकजीव करावयाचा, आणि मग लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढीत ओढीत केसासारखी तार करावयाची. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली की कलाबतू तयार. तार कितीही बारीक होवो, सोने चांदीला सोडीत नाही. हा गुण पैठणीचे वैभव ठरला, आणि तोच तिचा घातही करून गेला. कारण पैठणी जाळली की रेशीम राख होते आणि धातू मागे राहतो. मातीतून सोने काढण्याच्या सर्व कोरड्या रीतींत ही सर्वांत सोपी. वारा नको, सूप नको. एक काडी पुरे. जुने लुगडे जीर्ण झाले, घरात अडचण आली, किंवा नव्या पिढीला ते नको झाले, म्हणजे दारावर येणाऱ्या जुनी जर घेणाऱ्यास ते वजनावर देऊन टाकण्यात आले. अशा रीतीने आपल्या पणज्यांच्या किती पैठण्या मुशीत गेल्या, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

ह्या व्यवहारात हाती काय लागते, त्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका जुन्या पैठणीतून पंधरा तोळे जर निघाली आणि तीत शंभरात एक भाग सोने धरले. तर सोने भरेल ते दोन माशांहूनही कमी. बाकी मुख्यतः चांदी. एक ग्रॅम सोने म्हणजे टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठा गोळा. तेव्हा सबंध पैठणीतले सोने बोटाच्या पेरावर मावेल. त्यासाठी जाते काय? हातमागावर महिनोन्‌महिने बसून, रंगारंगाच्या धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी विणलेला पदर; उलट-सुलट सारखा दिसणारा मोर; नारळी काठ; आसावलीची वेल; आणि ते विणणाऱ्या हाताची ओळख. जुना नमुना पाहावयास मिळाला तर आजचा विणकर तो पुन्हा उचलू शकतो. राखेतून नमुना उचलता येत नाही. शिवाय आजची बरीचशी जर खरी नसते. तिच्यात तांब्यावर चांदीचा नुसता हात फिरविलेला असतो किंवा ती प्लॅस्टिकची असते, आणि ती जाळली तर हाती दुर्गंधी तेवढी लागते. म्हणून ज्यांच्या पेटीत जुनी पैठणी असेल त्यांनी ती देण्यापूर्वी जर कसोटीवर घासून पाहावी, लुगडे जाणत्या विणकरास दाखवावे, आणि फाटले असले तरी पदर-काठ तरी जपून ठेवावेत. वजनाच्या भावाने विकण्याची ती वस्तू नव्हे.

शेवटी पैठणच्या पांढरीविषयी दोन शब्द. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणावर जात असल्याचे नमूद आहे. अशा गावाच्या टेकाडात गुप्तधन असलेच पाहिजे, ह्या समजुतीने रात्री-अपरात्री खणणारे व माती चाळणारे लोक महाराष्ट्रात जागोजाग निघतात. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. सातवाहनांची नाणी शिशाची, तांब्याची, मिश्र धातूंची आणि थोडी चांदीची आहेत; त्यांनी सोन्याची नाणी पाडल्याचे आढळत नाही. शिवाय १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. ते न केल्यास धनही जाते आणि वर शिक्षा होते.

पुरातत्त्वज्ञही मातीच चाळतो. पैठणच्या टेकाडाचे शास्त्रीय उत्खनन १९९० च्या दशकातही झाले आणि त्याचा सविस्तर ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या चाळणीत आणि धनलोभ्याच्या चाळणीत मोठे अंतर आहे. पुरातत्त्वज्ञ कोणता मणी कोणत्या थरात सापडला हे लिहून ठेवतो. थर एकदा कालवला गेला की तो मणी मुका होतो. आणि कोरड्या चाळणीचे काम संपल्यावर तो मातीचा काही भाग पाण्यात टाकतो. सोने शोधणारा तळाशी बसलेले जड घेतो आणि वर तरंगणारे फेकून देतो. पुरातत्त्वज्ञ वर तरंगून येणारे जळके दाणे अलगद गाळून घेतो. कारण दोन हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज कोणती ज्वारी, कोणता तांदूळ, कोणती डाळ खात होते हे ते हलके, काळे दाणेच सांगतात.

तात्पर्य, पाण्यावाचून सोने काढता येते. त्याला कोरडी माती, मापाची चाळणी, थांबून थांबून येणारा वारा, आणि पुष्कळसा तोटा सोसण्याची तयारी लागते. परंतु सूप हातात घेण्यापूर्वी आपण ठेवणार काय आणि उडवून देणार काय, हे ठरविलेले बरे. खळ्यावर हा प्रश्न सोपा असतो. तेथे दाणा ठेवावयाचा आणि भूस सोडावयाची. पेटीतल्या पैठणीपुढे आणि गावच्या पांढरीपुढे तो तितका सोपा नाही, आणि ह्या गावाचे रहिवासी म्हणून त्याचे उत्तर आपणांसच द्यावयाचे आहे.